चिकाटी दौड

आमच्या हेडमास्तरांना वाचनाची आवड होती आणि तिचे परिणाम आम्हाला भोगावे लागत. एका वर्षी त्यांनी वाचलं की गार पाण्याने स्मरणशक्ती वाढते. त्या हिवाळ्यात आम्ही प्रार्थनेआधी हापशाखाली डोकी धरून उभे राहायचो. स्मरणात एवढंच राहिलं की पाणी फार गार होतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी त्यांनी वाचलं की परदेशात शाळा मुलांना पळवून इमारती बांधतात. प्रत्येक मुलाने एक देणगीदार शोधायचा, देणगीदाराने मैदानाच्या एका फेरीला अमुक पैसे द्यायचे कबूल करायचं, आणि मुलाने जमतील तेवढ्या फेऱ्या मारायच्या. फेऱ्यांच्या खोल्या होतात आणि जाता जाता मुलाच्या अंगात चिकाटी येते.

खोल्यांची गरज होतीच. मागच्या वळिवात दोन वर्गांचे पत्रे उडाले होते आणि त्यातला एक शेजारच्या गोठ्यात म्हशीच्या पाठीत रुतला होता. तेव्हापासून आठवी आणि नववी लिंबाखाली बसायची. चिकाटीची गरज मात्र आम्हाला कधी जाणवली नव्हती, कारण वेताची छडी तेच काम रोज करत होती.

शाळा बारामती तालुका संपतो आणि इंदापूर सुरू होतो तिथे, कालव्याच्या कडेला होती. अर्धी पोरं वरच्या गावातली, अर्धी खालच्या. वर आणि खाल हे पाण्याच्या हिशेबाने. आमच्या शिवारात पाणी आधी यायचं, म्हणून आम्ही वरचे. उरलं तर पुढे कालव्याच्या शेपटाला जायचं, म्हणून ते टेलचे. उरायचं क्वचित. त्यामुळे पाणी सोडायच्या दर पाळीला चारीच्या, म्हणजे पोटकालव्याच्या, दारावर शिवीगाळ व्हायची आणि वर्षातून एखादं डोकं फुटायचं. आदल्या रब्बीत माझ्या चुलत्यांनी, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं, टेलच्या एका माणसाला खोऱ्याने हाणलं होतं. त्यात त्या माणसाच्या डाव्या कानाचा वरचा तुकडा गेला. फौजदाराने दोघांना समोरासमोर बसवून एकेक थोबाडीत आणि एकेक चहा दिला, आणि प्रकरण मिटलं असं कागदावर लिहिलं.

त्या कान तुटलेल्या माणसाचा मुलगा वर्गात माझ्या बाकावर बसायचा. त्याच्या वडिलांना आबा म्हणत. त्याला आम्ही टेल्या म्हणायचो आणि तो आम्हाला पाणीचोर. आमचं भांडण नव्हतं. त्याच्याकडे कंपासपेटी नव्हती आणि मला गणित येत नव्हतं, एवढ्यावर मैत्री टिकायला हरकत नसते.

हेडमास्तर पुण्याचे. त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती, आणि गावातल्या कोणालाही ती सांगण्यासारखी वाटली नाही. आमच्याकडे लोकांनी सगळ्यांदेखत पैसे लावून दोघांची शक्ती बघायची, असा एकच प्रसंग असायचा, तो म्हणजे जत्रेतला कुस्तीचा फड. तिथे लोक एखाद्या जोडीवर इनाम बोलतात, पुकारणारा ते भोंग्यावरून ओरडून सांगतो, हलगी कडाडते. बराच वेळ कोणी पडलं नाही तर पंच हात वर करून जोड बरोबरीत सोडवतो. लोक ते मान्य करतात. पण कुस्ती आधीच ठरवून केली आहे, नुरा आहे, असा संशय आला तर मग मांडवाचा एक बांबू जागेवर राहत नाही.

हेडमास्तरांनी देणग्या पुकारायला त्याच फडावरचा माणूस बोलावला, कारण स्वतःचा भोंगा त्याच्याकडेच होता. त्याने येताना हलगीवालाही आणला. "त्याच्याबिगर माझा आवाज सुटत न्हाय," तो म्हणाला.

दौडीच्या दिवशी आम्ही सकाळपासून उन्हात रांगेत उभे होतो. प्रमुख पाहुणे यायचे होते. दोन पोरं चक्कर येऊन पडली. पीटीच्या सरांनी त्यांना सावलीत नेलं, एकेक थोबाडीत देऊन शुद्धीवर आणलं आणि परत रांगेत आणून लावलं. पाहुणे आले ते जीपमधून, फाटकापासून मांडवापर्यंतसुद्धा जीपमधूनच. त्यांनी चिकाटीवर भाषण केलं. माणसाने थांबू नये, असं ते म्हणाले, आणि स्वतः बोलायचे बराच वेळ थांबले नाहीत. मांडवात सत्काराच्या नारळांचं पोतं ठेवलं होतं. स्थानिक वार्ताहराने कार्यक्रम खेळीमेळीच्या वातावरणात पार पडल्याची बातमी तिथेच लिहून टाकली आणि तो जेवायला गेला.

मग शिट्टी झाली.

पहिल्याच वळणावर पोरं एकमेकांवर पडली. एकाचा दात गेला, एकाचं कोपर सोललं. चुन्याच्या फक्कीने आखलेली रेघ तिथे पुसली गेली ती दिवसभर पुसलेलीच राहिली. थोड्या फेऱ्यांनंतर पोरं गळायला लागली. गळणाऱ्याला आईबाप मैदानाबाहेर आडवे जायचे. एका पोराला त्याच्या आईने चपलेने बडवत बडवत रस्त्यापर्यंत नेलं. "पेढं खाताना दम लागत न्हाय व्हय रं?" ती विचारत होती. ज्यांचं कोणी आलं नव्हतं त्यांच्या पोटऱ्यांवर पीटीचे सर छडी ओढत होते. चिकाटी अशी अंगात शिरते हे मला त्या दिवशी कळलं. ती खालून शिरते.

ऊन कलायला लागलं तेव्हा मैदानात दोघंच उरलो. मी आणि टेल्या. मी काटक होतो एवढंच. टेल्या मात्र जन्मभर अनवाणी हिंडलेला, त्याला पळायचं कसं हे कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

पुकारणाऱ्याने आम्हा दोघांकडे पाहिलं आणि सवयीने त्याच्या तोंडून निघालं, "आता फडात येकच जोड ऱ्हायली! वरचा गडी आन् टेलचा गडी!"

सगळं मैदान एकदम उठून उभं राहिलं.

तोवर लोक एकेका पोराच्या फेऱ्यांवर किरकोळ पैसे बोलत होते. आता तात्या पुढे आले आणि माझ्या फेरीवर इनाम बोलले. खालच्या बाजूने आबा टेल्याच्या फेरीवर त्याच्यापेक्षा जास्त बोलले. मग वरचे, मग खालचे. हलगी तापली. दर बोलीला हेडमास्तर टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटत होतं की लोकांना शिक्षणाचं महत्त्व पटलं.

"मागल्या पाळीचं पाणी काढा रं त्याच्यातनं!" खालचा कोणीतरी ओरडला.

"तुमच्या पोराला पाणी पाजा आदी, जीभ बाहीर आलीया!" वरच्यांनी उत्तर दिलं.

आबा उसाची बैलगाडी रस्त्यावर सोडून आले होते आणि चाबूक त्यांच्या गळ्यातच होता. ते मैदानात उतरले आणि टेल्याच्या बरोबरीने पळू लागले. शर्यतीत बैलाबरोबर पळतात तसे. चाबूक ते पोराला मारत नव्हते, त्याच्या टाचेमागे मातीत मारत होते. मातीतून धूळ उडायची आणि टेल्या उसळायचा.

"खाली बसलास तर बघ," ते म्हणत होते. "खाली बसलास तर आज तुला जित्ता घरी न्हेत न्हाय. ह्या कानाची आन हाय."

दम लागल्यावर ते बाजूला व्हायचे आणि पुढच्या वळणावर पुन्हा येऊन मिळायचे.

मला थांबता आलं असतं. तात्यांनी मला बदडलं असतं, पण ते बदडून झाल्यावर जेवायला वाढणारे होते. टेल्याचं तसं नव्हतं. आबांचा हात सुटला की तो त्यांचाही राहत नसे. एकदा बैल अडला म्हणून त्यांनी बैलाचं शिंग मोडलं होतं. आणि टेल्याचे पाय गेले होते. मागून मला त्याचे तळवे दिसत होते. चिरांमध्ये फक्कीचा चुना भरला होता आणि तो पाय टेकायचा तिथे पांढऱ्या रेघेवर तांबडा ठसा उठायचा. दोनदा तो पळता पळता ओकला. तो मैदानात पडला असता तर आबांनी त्याला तिथेच संपवला असता, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

लांबच्या वळणावर, लिंबाच्या मागे, आबा नसायचे. तिथे मी त्याला गाठलं.

"ए टेल्या, थांब की."

"तू थांब."

"म्या थांबलो तर तुला एकट्याला पळवत्याल. पैसं बोलायचं थांबत न्हाईत ती."

तो नुसता पळत राहिला. त्याला बोलणं परवडत नव्हतं.

"दोघं येकदम थांबू. हात धरून. बरोबरीत."

"मानत्याल?"

"कुस्तीत मानत्यात की."

पुढचं वळण त्याने विचारात काढलं. आबा आले, चाबूक वाजला, आबा गेले. पुन्हा लिंब आला.

"पयला तू हात वर कर," टेल्या म्हणाला.

आम्ही मांडवासमोर आलो, एकमेकांचा हात धरला, वर केला आणि थांबलो. त्याची बोटं थंडगार होती. हलगीचा ठेका एकदम तुटला. पुकारणारा क्षणभर गडबडला, पण आयुष्यभराची सवय कामी आली. त्याने भोंग्यावरून जाहीर केलं, "बरोबरी! जोड बरोबरीत सुटली!"

एक दोन टाळ्या वाजल्याही. टेल्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो हसणार होता. तेवढ्यात आमच्याच वर्गातलं एक पोरगं, मघाशी चपलेने मार खाल्लेलं, मोठ्याने म्हणालं, "ही दोगं येकाच बाकावर बसत्यात!"

टाळ्या थांबल्या. मग मागून आवाज आला, "नुरा हाय! ठरवून केलीया!"

पुढचं सलग सांगता येत नाही. पहिला नारळ कोणी फेकला ते कळलं नाही. तो हेडमास्तरांच्या खांद्यावर बसला आणि ते टाळीच्या मध्येच खाली बसले. पोतं फुटलं. सत्काराला आणलेल्या श्रीफळांचा एवढा मनापासून वापर मी पुन्हा पाहिला नाही. वरच्यांनी खुर्च्या घेतल्या, खालच्यांनी मांडवाचे बांबू उपसले. कापड खाली आलं आणि त्याखाली माणसं एकमेकांना न बघता बडवू लागली. बाहेरून कापडाला आलेली नुसती टेंगळं हलताना दिसत होती आणि आतून कोणाच्या तरी नाकाचं हाड मोडल्याचा आवाज आला, ऊस मोडावा तसा. पाहुणे टेबलाखाली होते. त्यांच्या अंगावर त्यांचीच शाल होती. पुकारणारा भोंगा पोटाशी धरून पळाला, आणि माईक चालूच असल्यामुळे त्याच्या धापा आणि शिव्या सगळ्या शिवाराला ऐकू गेल्या. तात्यांच्या कपाळावर चषक बसला. चषक विजेत्याला द्यायचा होता.

या सगळ्यातून आबा सरळ आमच्याकडे आले. त्यांना दंग्यात रस नव्हता. त्यांनी चाबूक वर नेला आणि या वेळी तो मातीवर आला नाही. पहिला फटका आमच्या धरलेल्या हातांवर बसला. माझ्या मनगटाची कातडी फाटली आणि हात सुटला. दुसरा टेल्याच्या पाठीवर, तिसरा मानेवर. टेल्या खाली बसला. आबांनी लाथ घातली, तो आडवा झाला. त्यांनी पुन्हा पाय उचलला आणि मी त्यांच्या दुसऱ्या पायाला मिठी मारली. ते माझ्यासकट कोसळले.

टेल्या उठला आणि पळाला. ज्याला दोन पावलं टाकवत नव्हती तो फाटकातून बाहेर, कालव्याच्या भरावावर चढून पळत सुटला. मी जमिनीवरून पाहत होतो. भरावावरून उसाचे ट्रॅक्टर जायचे. चालत्या ट्रॉलीला लोंबकळून ऊस उपसणं आम्हा सगळ्यांनाच यायचं. त्याने ऊस उपसला नाही. तो मोळ्यांवर चढला, पालथा झाला आणि बारामतीच्या दिशेने गेला.

हे माझ्याशिवाय कोणी पाहिलं नाही. आबा तोवर माझ्या पाठीत गुद्दे घालत होते.

दंगा आपोआप विझला, कारण मारायला हाताशी काही उरलं नव्हतं. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की पोरगं नाही. रक्ताचे ठसे भरावावर गेले होते आणि पाण्याच्या कडेला संपत होते. माणसांनी त्याचा एकच अर्थ लावला.

आबांनी अंगावरच्या कपड्यांनिशी कालव्यात उडी घेतली. पाणी छातीपर्यंत होतं आणि ओढ होती. ते बुडी मारायचे, हातांनी तळ चाचपायचे, वर यायचे, पुन्हा बुडी. तोंडातून शब्द येत नव्हता, नुसता आवाज. वरचे लोक बांबू घेऊन काठाने चालू लागले. थोड्या वेळापूर्वी त्याच बांबूंनी त्यांची डोकी फुटली होती. तात्या कपाळावर फडकं बांधून पुढे होते.

मी काठावर उभा होतो आणि बोलत नव्हतो. बोललो की आबा त्याला आणतील आणि आणल्यावर काय होईल ते मी नुकतंच पाहिलं होतं. पण बुडी मारून वर आलेल्या आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना काहीतरी कळलं. ते बाहेर आले आणि त्यांनी माझा गळा धरला. दोन्ही हातांनी.

"तुला ठावं हाय. कुठं हाय?"

माझे पाय जमिनीवरून उचलले गेले होते. तात्या मागून धावत आले आणि त्यांनी आबांच्या पाठीत बांबू घातला. आबांनी मागे वळूनही पाहिलं नाही, पण पकड सैल झाली.

"मारनार न्हाय म्हना आदी," मी म्हणालो. आवाज माझ्या ओळखीचा नव्हता.

आबांच्या मिशीतून पाणी गळत होतं.

"जित्ता हाय?"

"मारनार न्हाय म्हना."

"न्हाय मारत."

"मामाकडं गेलाय. ट्रॉलीवर बसून."

तो मामाकडेच गेला असणार हा माझा अंदाज होता. बारामतीजवळच्या जळोचीच्या मामाशिवाय टेल्याच्या तोंडी दुसऱ्या कोणत्या माणसाचं कौतुक मी ऐकलं नव्हतं. आबा मटकन खाली बसले आणि ओकले, पाणी आणि पित्त. मग उठून रस्त्याकडे चालायला लागले.

"चालत जातूस व्हय रं?" तात्या म्हणाले. आख्ख्या दोन गावांत मोटारसायकल त्यांच्याकडेच होती. "बस मागं."

अशा रीतीने आम्ही निघालो. पुढे तात्या, कपाळाचं रक्त डोळ्यात उतरतंय म्हणून एक डोळा मिटून चालवत. मध्ये मी. मागे आबा, ओलेगच्च, थंडीने दात वाजत असलेले. उसाच्या गाड्यांमधून वाट काढताना तात्यांनी फक्त एकदा म्हटलं, "पाय आत घ्या आबा, चाक लागंल."

मामा गवंडी होते. जळोचीत त्यांच्या घराला अजून गिलावा झालेला नव्हता. आमचा आवाज ऐकून ते दारात आले ते पहार घेऊनच. आतून हळदीचा वास येत होता.

"दाजी, हितंच थांबा."

"माझं पोरगं हाय."

"व्हय की. पाठ बघितली म्या तुमच्या पोराची."

"बाजूला हो."

"न्हाय."

आबांनी उंबऱ्यावर पाय ठेवला. मामांनी पहार चौकटीलगतच्या भिंतीवर मारली. विटेच्या कपच्या उडाल्या. आबांनी दुसरा पाय टाकला. पुढची पहार त्यांच्या कोपरावर बसली. आबा ओरडले नाहीत, नुसते वाकले, आणि तो हात भलत्याच बाजूला लोंबू लागला.

तात्यांनी झेप घेऊन मामांची गळपट्टी धरली आणि त्यांना भिंतीवर आपटलं. "आमच्या आबाला मारतूस व्हय रं? आमच्या आबाला?"

हे ऐकून सगळेच थबकले, तात्यासुद्धा. त्यांनी गळपट्टी हळूच सोडली आणि ते स्वतःच्या हाताकडे बघू लागले.

तेवढ्यात टेल्या आतून दारापर्यंत आला. भिंतीला धरून, पायांच्या कडांवर चालत. तळवे फडक्याने बांधले होते. मामी त्याला मागे ओढत होती.

"पोरा, चल घरी," आबा म्हणाले. "मारत न्हाय."

"न्हाय."

"आरं, मारत न्हाय म्हनलं की."

"मी येत न्हाय, आबा," टेल्या म्हणाला. "तितं थांबू देत न्हाईत."

आबांनी मोडका हात चांगल्या हाताने उचलून पोटाशी धरला. त्यांनी टेल्याच्या पायांकडे पाहिलं. मग ते वळले आणि मोटारसायकलच्या मागे बसले.

बारामतीच्या डॉक्टरने हाताला पट्ट्या बांधल्या. "काय झालं?" त्याने विचारलं. "शाळेचा कार्यक्रम होता," तात्या म्हणाले.

खोल्या झाल्या नाहीत. फेऱ्या किती झाल्या यावर वरच्यांचं आणि खालच्यांचं एकमत होईना, आणि बोललेले पैसे फेरीच्या हिशेबाने होते. पत्रे दोन वर्षांनी सरकारने घातले. हेडमास्तरांचा खांदा बरा झाला आणि ते योगासनांवर काहीतरी वाचायला लागले.

त्या दिवशी परतताना आम्ही फाट्यावर थांबलो. तिथून खालच्या गावाची वाट फुटते. आबा उतरले. तात्या इंजिन बंद न करता बसून राहिले. आबा थोडे पुढे गेले, मग मागे आले आणि माझ्याशी बोलले. मोडका हात गळ्यात होता आणि दुसरा त्यांना कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

"त्याचं दप्तर वर्गातच ऱ्हायलं असंल."

"व्हय."

"मामाकडं पोचतं कर. बारामतीतली शाळा त्याला जवळ पडंल."

"हेडमास्तरांनी इचारलं तर?"

आबांचा हात तुटक्या कानाकडे गेला.

"सांग, थांबला म्हनावं," ते म्हणाले, आणि अंधारात घराच्या वाटेला लागले.